स्पेन १९७७: एवढ्या कॅथलिक देशात ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाला एकही सीट का नाही मिळाली?

आळसोबा

नमस्कार मंडळी. गेले दोन आठवडे हुकूमशहा फ्रँको गेल्यानंतरच्या स्पेनवर जे मिळेल ते वाचतोय आणि एका जागी गाडी अडकलीय. नोव्हेंबर १९७५ ला फ्रँको वारला, १५ जून १९७७ ला चाळीसेक वर्षांनी पहिली खरी निवडणूक झाली. तोवर इटलीत ख्रिश्चन डेमोक्रॅट तीस वर्षं सरकारात बसलेले, जर्मनीत त्यांनी आडेनाउअरपासून तीन चान्सलर दिलेले. स्पेन तर या दोघांपेक्षा जास्त कॅथलिक, म्हणजे ३६-३९ च्या यादवीत फ्रँकोची बाजू स्वतःला धर्मयुद्ध लढणारी म्हणवत होती. त्यामुळे सगळ्यांना वाटत होतं की आता इथेही तसाच एक मोठ्ठा पक्ष येणार. पक्ष आलाही, फेडरेशन ऑफ ख्रिश्चन डेमोक्रसी असं काहीतरी नाव, होआकिन रुइथ-हिमेनेथ आणि होसे मारिया हिल-रोब्लेस हे दोन नेते, दोघंही घरोघरी माहीत असलेली नावं. आणि निकाल काय तर ३५० पैकी शून्य. दीड टक्कासुद्धा मतं नाहीत. निवडणुकीनंतर पक्षच आटोपला.

हे कसं काय? "लोक धर्मापासून लांब गेले होते" हे उत्तर मला पटत नाही, १९७७ मध्ये एवढेही गेले नव्हते. उच्चार चुकले असतील तर सांभाळून घ्या, स्पॅनिश येत नाही.

---

काकदृष्टी

उच्चार बरोबर आहेत, मी तर अजून तेव्हाच्या पंतप्रधानाचं नाव सुआरेझ लिहू की सुआरेथ यातच असतो.

तुमचा प्रश्न मुळातच जरा उलटा धरलाय असं मला वाटतं. तुम्ही धरून चालताय की कॅथलिक लोक जास्त म्हणजे कॅथलिक पक्षाला मतं जास्त. पण इटली-जर्मनीत तो पक्ष उभा राहिला तेव्हा चर्च त्याच्या मागे उभं होतं, इटलीत १९४८ ला तर पाद्री लोक उघड प्रचार करत होते. स्पेनमध्ये नेमकं हेच झालं नाही आणि ते चुकून झालं नाही असं नाही, ठरवून झालं नाही.

ठरवणारा माणूस म्हणजे कार्डिनल तारांकोन, माद्रिदचा आर्चबिशप आणि १९७१ पासून बिशपांच्या परिषदेचा अध्यक्ष. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) रोमची भूमिका बदलली, धर्मस्वातंत्र्य मान्य झालं, आणि ज्या राजवटीने स्वतःला कॅथलिक म्हणवून घेतलं तिचीच पंचाईत झाली. तारांकोनने चर्चला हळूहळू फ्रँकोपासून सोडवून घेतलं. डिसेंबर १९७३ मध्ये पंतप्रधान कारेरो ब्लांकोला एटा या बास्क सशस्त्र संघटनेने बॉम्बने उडवलं, त्याच्या अंत्ययात्रेत उजवे लोक या कार्डिनलच्या तोंडावर ओरडत होते, "तारांकोन आल पारेदोन", म्हणजे तारांकोनला भिंतीशी उभा करून गोळ्या घाला. कॅथलिक राज्यात कॅथलिक कार्डिनलला! यमक जुळतंय हे आणि वर.

मग हाच माणूस निवडणूक आल्यावर म्हणाला की चर्च कोणत्याच पक्षाचं नाही, आमच्या नावाने कुणी मतं मागू नयेत. त्याचं म्हणणं समजून घ्या. चाळीस वर्षं चर्च एका बाजूला बांधलं गेलं आणि त्याची किंमत मोजली, आता परत एका पक्षाच्या दावणीला कशाला बांधायचं? लोकशाहीवादी कॅथलिकांना स्वतःचाच कार्डिनल सांगतोय की बाबांनो तुम्ही चांगले आहात पण माझा हात डोक्यावर मिळणार नाही.

आणि दुसरी गोष्ट, फ्रँकोच्या काळात चर्चमध्ये काय चाललं होतं ते जवळून बघा. कॅथलिक कामगार संघटना होत्या, होआक वगैरे, त्यांना कायद्याने थोडी मोकळीक होती कारण त्या चर्चच्या छत्राखाली. तिथले पोरं-पोरी पुढे कम्युनिस्टांबरोबर कामगार आयोग (म्हणजे बेकायदा कामगार संघटना) उभे करायला गेले. बंदी असलेल्या बैठका चर्चच्या हॉलमध्ये व्हायच्या. मार्च १९७६ मध्ये व्हिटोरियात संपावरचे कामगार एका चर्चमध्ये जमले होते, पोलिसांनी आत अश्रुधूर सोडला आणि बाहेर पळणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या, पाच जण गेले. झामोराला तर खास पाद्र्यांसाठी वेगळा तुरुंग होता, व्हॅटिकनशी करार होता की पाद्र्याला साध्या कैद्यांत ठेवायचं नाही, म्हणून राजवटीने त्यांच्यासाठी वेगळी कोठडी काढली आणि बहुतेक बास्क पाद्री तिथे भरले. आता सांगा, हा जो कॅथलिक कार्यकर्ता तयार झाला तो १९७७ ला कुणाला मत देणार? तो समाजवादी किंवा कम्युनिस्ट पक्षात आधीच जाऊन बसला होता. आणि जो बाकीचा, रविवारी प्रार्थनेला जाणारा, शांतता हवी असणारा मतदार, तो सुआरेथकडे गेला. या मधल्या पक्षासाठी मधे कोणी उरलंच नाही.

---

गणिताचा_मास्तर

वरचं सगळं खरं आहे पण सीट शून्य का याचं अर्धं उत्तर गणितात आहे, त्याच्याकडे कुणी बघत नाही.

५० प्रांत, प्रत्येक प्रांत हा वेगळा मतदारसंघ, आणि वाटप डॉन्ट पद्धतीने, त्यात प्रांतात ३ टक्के मतं नसतील तर हिशेबातच नाही. लहान प्रांतांना ३-४ जागा. समजा (आकडे माझ्या मनचे) एका प्रांतात १ लाख मतं आणि ३ जागा. पहिल्याला ४६ हजार, दुसऱ्याला ३० हजार, तिसऱ्याला १२ हजार, आपल्या पक्षाला ५ हजार. प्रत्येकाची मतं १, २, ३ ने भागत जायची आणि सगळ्यात मोठे तीन भागाकार घ्यायचे. ४६, ३०, आणि तिसरा येतो ४६ चा निम्मा म्हणजे २३. संपलं. दोन पहिल्याला, एक दुसऱ्याला. १२ टक्केवालाही उपाशी, ५ टक्केवाल्याचं नावच काढू नका. थोडीफार आशा असते ती मोठ्या प्रांतात, माद्रिदला ३२ जागा, बार्सिलोनाला ३३, तिथे तीनेक टक्क्यांवर एखादी जागा निघू शकते. पण बार्सिलोनात त्यांचेच कातालान भाऊबंद वेगळ्या आघाडीत उभे.

आता खरी गंमत. बास्क राष्ट्रवादी पक्ष, पीएनव्ही, हाही मुळात ख्रिश्चन डेमोक्रॅट परंपरेचाच, याच मंडळींच्या टीममध्ये होता. त्याला देशभरात मिळाली १.६ टक्का मतं. म्हणजे या फेडरेशनपेक्षा किंचित जास्त. जागा किती? आठ. कारण त्याची सगळी मतं तीन-चार प्रांतांत एकगठ्ठा. आणि ते कातालान भाऊबंद, म्हणजे उनिओ पक्ष, त्यांची आघाडी, देशात १ टक्क्याच्या आत, तिला दोन. रुइथ-हिमेनेथवाल्यांची मतं मात्र देशभर पातळ पसरलेली. सरळ टक्केवारीने वाटलं असतं तर पाच-एक जागा झाल्या असत्या. बरं आणि उलट बाजूला सुआरेथची आघाडी यूसीडी, ३४ टक्के मतं आणि जागा १६५ च्या आसपास, जवळजवळ निम्म्या.

त्यामुळे "लोकांनी नाकारलं" हे म्हणताना जरा जपून. लोकांनी नाकारलंच, पण शून्य हा आकडा लोकांनी नाही काढला.

---

आळसोबा

मास्तर तुम्ही डोळे उघडलेत, पीएनव्ही आणि यांची मतं इतकी जवळ आहेत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

पण मग साधी गोष्ट, यांना गणित माहीत नव्हतं का? सुआरेथच्या आघाडीत जायचं ना सरळ. मी वाचलं की त्या आघाडीत एक ख्रिश्चन डेमोक्रॅट गट होताच.

---

दौत_टाक

होता ना, आणि तिथेच सगळं रामायण आहे. रुइथ-हिमेनेथचा मूळ पक्ष इस्किएर्दा देमोक्रातिका, लोकशाही डावे. नावातच डावे, लक्षात घ्या. १९७६ मध्ये तो फुटला, डाव्या विरोधी पक्षांबरोबर किती लांब जायचं यावरून, आणि फर्नांदो आल्व्हारेथ दे मिरांदा आपला गट घेऊन बाहेर पडला. हा काही सरकारी माणूस नव्हे बरंका, १९६२ ला म्युनिकमध्ये देशातले आणि परदेशातले विरोधक एकत्र बसले होते त्यात हा होता आणि परत आल्यावर फ्रँकोने त्याला फुएर्तेव्हेंतुरा बेटावर नेऊन टाकलं होतं. तर तो गेला यूसीडीत. "या" या कॅथलिक पेपरात तासितो नावाने लेख लिहिणारी जी तरुण अधिकारी-वकील मंडळी होती, ओरेखा, लाव्हिया वगैरे, तीही सुआरेथकडे. म्हणजे ख्रिश्चन डेमोक्रॅट संपले असं नाही, त्यातले जे हिशेबी होते ते सत्तेत बसले आणि जे तत्त्वाला चिकटले ते पाटी घेऊन बाहेर राहिले.

आणि ते का चिकटले? माझं सरळ मत, हेकटपणा. आणि खासकरून हिल-रोब्लेसचा. हा माणूस १९३० च्या दशकात सेडा या सगळ्यात मोठ्या कॅथलिक पक्षाचा नेता. त्याच्या सभेत पोरं "हेफे! हेफे!" असं ओरडायची, म्हणजे नेता, नेता. १९३५ ला युद्धमंत्री झाला आणि सैन्याचा प्रमुख म्हणून कुणाला आणून बसवलं? फ्रँकोला. स्वतःच्या हाताने! तोच माणूस १९७७ ला ७८ वर्षांचा होऊन सुआरेथला सांगतोय की तू फ्रँकोच्या राजवटीतला आहेस, तुझ्याबरोबर आम्ही येणार नाही. ज्यांचे आईबाप यादवीत मेले त्यांना हे नाव ऐकून काय वाटलं असेल? डाव्यांना तो फ्रँकोची वाट मोकळी करणारा वाटणार आणि उजव्यांना म्युनिकला जाऊन गद्दारी केलेला. कुणाचाच नाही.

सुआरेथ तिकडे ४४ वर्षांचा, देखणा, आधी सरकारी टीव्हीचा प्रमुख राहिलेला, कॅमेऱ्यात बघून कसं बोलायचं ते पक्कं माहीत. आणि देशात टीव्ही एकच, सरकारी. "मी वचन देऊ शकतो आणि देतो" हे त्याचं वाक्य आजही तिथे लोकांच्या तोंडी आहे. यांच्याकडे काय होतं तर मासिकं.

---

काकदृष्टी

हेकटपणा म्हणणं अन्याय आहे हो. हिल-रोब्लेसबद्दल वाद नाही घालत, पण रुइथ-हिमेनेथला त्याच मापाने मोजू नका.

हा स्वतः फ्रँकोचा शिक्षणमंत्री होता, १९५१ ते ५६. मंत्री असताना विद्यापीठं जरा सैल सोडायला गेला, फेब्रुवारी १९५६ मध्ये माद्रिदला विद्यार्थ्यांची दंगल झाली आणि याला काढून टाकलं. त्यानंतर गप्प बसून प्रोफेसरकी करता आली असती. याने काय केलं, १९६३ ला "संवादासाठी वह्या" असं साधं नाव असलेलं मासिक काढलं, कुआदेर्नोस पारा एल दियालोगो, आणि त्यात कॅथलिकांबरोबर समाजवाद्यांना, मार्क्सवाद्यांना लिहायला दिलं. सेन्सॉरची कात्री, जप्ती, दंड सगळं सोसून. तुम्ही म्हणता यांच्याकडे फक्त मासिकं होती, अहो त्या काळात मासिक हाच पक्ष होता, दुसरा काढायला बंदी होती! ग्रेगोरिओ पेसेस-बार्बा हा त्याचाच शिष्य, त्याच मासिकात वाढलेला, तो गेला समाजवादी पक्षात आणि १९७८ ची घटना लिहिणाऱ्या सात जणांत बसला.

मुद्दा असा की या माणसाला सत्तेत असण्याचा अर्थ माहीत होता आणि म्हणूनच त्याला परत सत्तेच्या मागच्या दाराने जायचं नव्हतं. सुआरेथ हा फ्रँकोच्या एकमेव अधिकृत पक्षाचा शेवटच्या काळातला सरचिटणीस-मंत्री, आणि मे १९७७ मध्ये त्याच्या आघाडीच्या याद्या बनल्या त्या सरकारातून. जो २० वर्षं विरोधात राहिला त्याने त्या यादीत नाव घालावं? मला तरी नाही वाटत ते सोपं होतं.

फक्त एक कबूल करतो. लोकांना १९७७ ला प्रामाणिकपणाचं प्रमाणपत्र नको होतं. एप्रिलमध्ये, ईस्टरच्या आदल्या शनिवारी, कम्युनिस्ट पक्षाला मान्यता मिळाली, सेनापती चिडलेले, कधी काय होईल भरोसा नाही. अशा वेळी माणूस गाडी चालवणाऱ्याकडेच बघतो, रस्ता बरोबर सांगणाऱ्याकडे नाही.

---

निळू_फुलपाखरू

विषय स्पेनचा आहे पण एक जोडून देते कारण मास्तरांच्या गणिताला अगदी उलटं उदाहरण आहे. पूर्व जर्मनी, १९८९-९०. डेमोक्राटिशर आउफब्रुख, लोकशाही जागृती म्हणा. चर्चच्या वर्तुळातल्या लोकांनीच काढलेला, राइनर एपेलमान हा पाद्री त्यात होता. भिंत पडायच्या आधी ऑक्टोबरमध्ये सुरुवात, मग पक्ष झाला, मग पश्चिमेकडच्या सीडीयूच्या (जर्मनीतला ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्ष) सांगण्यावरून पूर्वेच्या सीडीयूबरोबर आघाडी. आणि १८ मार्च १९९० च्या निवडणुकीला काही दिवस राहिले असताना कळलं की पक्षाचा अध्यक्ष, वोल्फगांग श्नूर, वकील माणूस, बंडखोरांचे खटले लढवणारा, तोच श्टासीचा, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचा, खबऱ्या!

मतं पडली ०.९ टक्के. स्पेनवाल्यांपेक्षाही कमी. पण तिथे किमान टक्क्यांची अट नव्हती आणि वाटप सरळ प्रमाणात, ४०० च्या सभागृहात चार जागा मिळाल्या. आणि आघाडीतला मोठा भाऊ ४० टक्क्यांवर, त्यामुळे चार जागा घेऊन सरकारात! ऑगस्टमध्ये पक्ष सीडीयूत विलीन, एक वर्षसुद्धा नाही टिकला. त्याची प्रवक्ती होती एक पस्तिशीची भौतिकशास्त्रज्ञ बाई, नाव आंगेला मेर्केल. श्नूरचं लफडं बाहेर आलं तेव्हा पत्रकारांना तोंड द्यायला तीच.

म्हणून मला दौत_टाक यांचं थोडं पटतं. छोट्या पक्षाने मोठ्या गाडीला डबा जोडला तर पुढे जातो. न जोडणं ही चैन आहे.

---

दौत_टाक

निळूताई, बघा, कुणीतरी आपल्या बाजूने बोललं!

काकदृष्टी, तुमचा रुइथ-हिमेनेथ मान्य. माणूस मोठाच. पण मोठ्या माणसाने मतदाराला काय दिलं ते सांगा. तेव्हा शेकड्याने पक्ष नोंदवलेले, तिथले लोक त्याला अक्षरांचं सूप म्हणत, सोपा दे लेत्रास. ख्रिश्चन हा शब्द, सोशल हा शब्द, डेमोक्रॅट हा शब्द उलटसुलट लावून डझनभर पक्ष. सामान्य माणूस, ज्याने आयुष्यात पहिल्यांदा किंवा चाळीस वर्षांनी मत टाकलं, तो मतदान केंद्रात गठ्ठ्यांसमोर उभा राहतो (तिकडे प्रत्येक पक्षाची वेगळी मतपत्रिका असते, आपल्याला हवी ती उचलून पाकिटात घालायची), आणि त्याला यांच्या आणि यूसीडीतल्या ख्रिश्चन डेमोक्रॅटांच्या धोरणात फरक काय ते सांगता येणार आहे का? नावात "एस्तादो एस्पान्योल", स्पॅनिश राज्य, असंही घातलं होतं, कारण बास्क-कातालान मित्र दुखावू नयेत. माद्रिदच्या प्रोफेसरला ते बारकाव्याचं वाटत असेल, गावातल्या आजोबांना नाही. संघराज्याची बाजूही यांनी घेतली, आणि ज्या प्रदेशात ती भूमिका हवी होती तिथे ती मतं पीएनव्ही आणि उनिओने नेली. आणि तेच यांचे जोडीदार! पाहुण्याला पंगतीत बसवून यजमान उपाशी.

---

आळसोबा

पाहुणा-यजमान आवडलं. एक शेवटचं विचारतो आणि मग धागा तुमच्या स्वाधीन. या लोकांचं पुढे काय झालं? पराभवानंतर घरी बसले का?

---

दौत_टाक

दोघंही नेतेपदावरून बाजूला झाले. हिल-रोब्लेस १९८० ला गेला. यूसीडीत गेलेल्यांची चैनही फार नाही टिकली. आल्व्हारेथ दे मिरांदा १९७७ लाच काँग्रेसचा (तिथल्या संसदेचं कनिष्ठ सभागृह) सभापती झाला, त्याच्यानंतर लाव्हिया सभापती, पण घटस्फोटाच्या कायद्यावरून पक्षातले ख्रिश्चन डेमोक्रॅट आणि बाकीचे इतके भांडले की १९८२ ला यूसीडीच ११ जागांवर आला. मग ऑस्कार आल्थागाने आणखी एक ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्ष काढला, तो उजव्यांबरोबर गेला आणि शेवटी १९८९ ला त्यांच्याच पीपल्स पार्टीत विरघळला. तोही कुणाच्या लक्षात नाही.

---

काकदृष्टी

आणि एक राहिलं, दौत_टाक मुद्दाम गाळतायत. नव्या घटनेत देफेन्सोर देल पुएब्लो नावाचं पद आलं, जनतेचा रक्षक, सरकारी खात्यांविरुद्ध सामान्य माणसाच्या तक्रारी ऐकणारा, संसदेने निवडायचा. डिसेंबर १९८२ मध्ये, समाजवाद्यांचं प्रचंड बहुमत असताना, पहिला रक्षक कोण निवडला? रुइथ-हिमेनेथ. १९८७ पर्यंत. त्याच्यानंतर १९८८ ला दुसरा आला आल्व्हारो हिल-रोब्लेस, म्हाताऱ्या हिल-रोब्लेसचा मुलगा. आणि १९९४ ला तिसरा? फर्नांदो आल्व्हारेथ दे मिरांदा.

---

गणिताचा_मास्तर

३ पैकी ३. डॉन्ट पद्धत लावली असती तर हेही झालं नसतं.